घड्याळ हातात घेऊन

पनवेलमध्ये नवी गाडी घेतलेल्या पोराला पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. पुण्याला किती वेळात पोचलास? ठाणा नाक्यावर चहा पिताना, खांदा कॉलनीतल्या गॅरेजबाहेर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. उत्तर मिनिटांत द्यायचं असतं आणि ते आधीच्या सांगणाऱ्यापेक्षा थोडं कमी भरावं लागतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आमच्या कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो. अंतर ९४.५ किलोमीटर. २००२ साली तो पूर्ण खुला झाला, तेव्हापासून हा आकडा आमच्याकडे पुरुषार्थाचं माप होऊन बसला आहे. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. सबंध रस्ता ताशी १०० च्या मर्यादेत कापला तर ५७ मिनिटं लागतात. कायदा मोडून सलग १२० ने पळवली तर ४७. घाटातली कमी मर्यादा आणि टोलची रांग यात धरलेली नाही. म्हणजे जिवावर उदार होऊन जे कमवायचं, ते साडेनऊ मिनिटांचं.

तीही चालवणाऱ्यानं कमावलेली नसतात. त्यात खालापूरच्या टोलनाक्यावरची रांग असते, बोरघाटाच्या चढाला रडतखडत चाललेले कंटेनर असतात, वेळेवर बाजू देणारा कुणी अनोळखी ट्रकवाला असतो. त्यानं बाजू दिली नसती तर काय झालं असतं, हे आकडा सांगत नाही. अलीकडे त्या रस्त्यावर कमानींवर कॅमेरे बसले आहेत. दोन कमानींमधल्या अंतराला लागलेल्या वेळानं भागून सरासरी वेग काढतात आणि चलान घरी येतं. पोरांना तो जाच वाटतो. मला ते कॅमेरे हवेत असं वाटतं, कारण या रस्त्यावरून घरी न परतलेली माझी विद्यार्थी पोरं मला नावानिशी आठवतात.

मी पनवेलच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. नोकरीची सगळी वर्षं गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच. फक्कीनं आखलेल्या रेषांवर धावणाऱ्या मुलांच्या वेळा घेणं हे माझं काम होतं आणि ते मला मनापासून आवडायचं. माझा भाचा पुण्याला किती मिनिटांत पोचलो ते सांगणाऱ्यांत पुढे होता. बहिणीनं कितीदा म्हटलं, “दादा, तू तरी बोल त्याच्याशी.” मी बोललोही, पण त्याच्या मनात खरी गोष्ट भरली ती कोइंबतूरच्या ट्रॅक डेची. मित्रांबरोबर तो निघाला होता. जाताना म्हणाला, “मामा, तुम्ही वेळ घ्यायला याल का? तुमचा हात बसलेला आहे.”

हजाराहून अधिक किलोमीटर जायचं कशाला, तर आपली गाडी घेऊन फिरता येईल असा ट्रॅक तेव्हा जवळ नव्हता म्हणून. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्या आहेत, कोल्हापूरची पोरं त्यावर घडून पुढे मोठ्या शर्यतींत गेली. पण तो मुख्यतः कार्टचा. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरली, तिथं पाव मैल सरळ पळायचं असतं, वळण नाही. मोटारीला वळणावळणाचा बंद रस्ता हवा असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, दिल्लीजवळ बुद्ध सर्किट किंवा कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे. कारी म्हणजे एस. करिवर्धन. मारुतीचं इंजिन घेऊन त्यांनी कमी खर्चातल्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि कितीतरी मुलांना चाकामागे बसवलं. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचा हा २.१ किलोमीटरचा ट्रॅक २००३ साली सुरू झाला. दिल्लीचा ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा आहे आणि तिथं २०११ मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत फेटेलनं लावलेली १ मिनिट २७.२४९ सेकंदांची लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, अजून सर्वांत वेगवान आहे. आमच्या पोरांच्या खिशाला कोइंबतूर परवडतं.

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी बंद ट्रॅकवर पळवायचा दिवस. ती शर्यत नव्हे, हे सकाळच्या सूचनांमध्येच बजावून सांगतात. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर आणि पुढच्यानं हात दाखवला तरच. हेल्मेट सक्तीचं. गाडीतलं सुटं सामान, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा बाहेर. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी, लाल दिसला की थेट पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागेत. पंधरा-वीस मिनिटांची पाळी, मग गाडीला विश्रांती. त्या विश्रांतीत पोरं गुडघे टेकून टायरमधली हवा मोजतात, कारण तापलेल्या टायरची हवा वाढते आणि वाढली की पकड जाते. घरची साधी ब्रेक पॅड चार-पाच जोरदार लॅपनंतर धूर सोडायला लागतात, त्याचा वास सगळ्या पिटमध्ये भरून राहतो.

मी स्टार्टच्या रेषेशी अगदी समांतर उभा राहिलो. वेळ घेणाऱ्यानं गाडीकडे बघायचं नसतं. पलीकडच्या बाजूला रेषेच्या सरळीत एखादा खांब धरायचा आणि नजर खांबावर ठेवायची. पुढचं चाक त्याला झाकेल त्या क्षणी बोट दाबायचं. गाडीच्या मागे नजर फिरवली की बोट फसतं. शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची वेळ हातानं घेतली, तर ती विजेच्या घड्याळाशी जुळवताना तीत ०.२४ सेकंद मिळवतात. सुरुवातीला पिस्तुलाचा धूर दिसून बोट हलेपर्यंत क्षण निघून जातो आणि शेवटी धावणारा रेषेकडे येताना दिसतच असल्यामुळे बोट वेळेवर पडतं, म्हणून हाताची वेळ कमी भरते. लॅपचं तसं नाही. सुरुवातीलाही गाडी येताना दिसते आणि शेवटीही दिसते. बोटाची जी खोड असेल ती दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती बरीचशी फिटते. सवयीच्या हाताला लॅप एक दशांशाच्या आतबाहेर मिळते. ताशी १०० च्या वेगात एक दशांश म्हणजे पावणेतीन मीटर. निम्म्याहून जास्त गाडी झाली ती.

पहिल्या पाळीत भाचा सगळ्यांच्या नजरेत भरला. वळणाला टायर किंचाळत होते, गाडी तिरकी होऊन बाहेर निघत होती, पिटमधल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. उतरला तेव्हा घामानं भिजलेला आणि हसत. “मामा, किती?” मी कागद दाखवला. १:३६.४, १:३५.९, १:३७.२. त्याच ताकदीच्या गाडीत कोइंबतूरचाच एक मध्यमवयीन गृहस्थ फिरत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. टायरचा आवाज नाही, गाडी कधी डोलली नाही. त्याच्या लॅप होत्या १:३२.८, १:३२.६, १:३२.७.

भाच्यानं कागद दोनदा वाचला. तो चिडला नाही याचं मला फार बरं वाटलं.

वेग अंगाला जसा जाणवतो तसा तो नसतो. हे मला धावणाऱ्या मुलांमध्येही दिसायचं. हातपाय आपटत, दात-ओठ खात धावणारा मुलगा स्वतःला वेगवान समजतो आणि शेजारून एखादी सैल खांद्यांची पोरगी निघून जाते. गाडीत तर फसगत जास्तच. आवाज, धक्के, पोटात गोळा येणं, हे सगळं मिळून वेगाचा भास तयार होतो. प्रत्यक्षात टायरकडे पकडीची एक ठरलेली शिल्लक असते. ती ब्रेकला खर्च केली तर वळणाला उरत नाही, वळणाला खर्च केली तर अ‍ॅक्सिलरेटरला उरत नाही. किंचाळणारा टायर म्हणजे ती शिल्लक संपून गाडी घसरतेय. ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, वळणात हळू शिरायचं आणि वळणाच्या पोटाला गाडी लागली की लवकर, पण हळुवार पाय द्यायचा. असं केलं की चालवणाऱ्याला आपण रेंगाळतोय असं वाटतं आणि घड्याळ मात्र दोन सेकंद कमी दाखवतं. घड्याळ नसतं तर भाचा तो आवाज आणि त्या शिट्ट्या खऱ्या मानून पनवेलला परतला असता, आणि तेच सगळं घेऊन बोरघाटात उतरला असता.

म्हणून वेळ घ्यावी की नाही या वादात मी घ्यावी या बाजूचा आहे. वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये ट्रॅक डेला वेळ घेणं निषिद्ध असतं. घड्याळ आलं की ती स्पर्धा ठरते, विम्याची कलमं बदलतात आणि माणसाचं डोकंही. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर सामान्य लोकांना पैसे भरून आपली गाडी फिरवता येते, तिथंही वेळ घ्यायला मनाई आहे. लोक मात्र एका पुलापासून एका कमानीपर्यंतचा तुकडा गुपचूप मोजतात आणि मिनिटं एकमेकांना सांगतात. बंदी घालणाऱ्यांची भीती मला समजते. काचेखाली मोबाइल लावून, प्रत्येक वळणाला मागच्या लॅपपेक्षा किती पुढे-मागे आहोत हे बघत चालवणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांची नजर रस्त्यावर नसते. आकडा गाडीच्या आत नको. तो बाहेर, दुसऱ्या कुणाच्या हातात असावा आणि गाडी थांबल्यावर, इंजिन बंद झाल्यावर, शांतपणे वाचला जावा. एवढं पथ्य पाळलं तर घड्याळासारखा शिक्षक नाही.

यंत्रं आता फार पुढे गेली आहेत. शर्यतीत गाडीला ट्रान्सपॉन्डर लावतात, रेषेखाली डांबरात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं, प्रत्येक गाडी त्यावरून जाताना आपला क्रमांक सांगून जाते आणि सेकंदाचा हजारावा भाग नोंदला जातो. १९९७ मध्ये स्पेनमधल्या हेरेसला व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेन्टझेन या तिघांनीही फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत १:२१.०७२ अशी अगदी एकच वेळ लावली होती. तेव्हा ज्यानं आधी लावली तो पुढे उभा राहिला. हौशी माणूस मोबाइलच्या जीपीएसवर भागवतो. साधा मोबाइल सेकंदाला एकदा ठिकाण घेतो, म्हणजे ताशी १०० ने दोन ठिपक्यांत २८ मीटर जातात. मधलं सगळं अ‍ॅप अंदाजानं भरतं. वेगळं जीपीएस यंत्र जोडलं तर सेकंदाला दहा-वीस ठिपके मिळतात आणि कोणत्या वळणावर किती गेलं तेही उमगतं. पोरांनी तसलं यंत्र जरूर घ्यावं. माझा हात मात्र घड्याळावरून निघणार नाही.

वेळ लावून धावणं आपल्या मातीला परकं आहे असं कुणी समजू नये. आमच्या रायगड-ठाण्याकडे बैलांची शर्यत म्हणजे जोडीला जोडी, पुढे निघेल तो जिंकला. पनवेलजवळच्या विहिघरच्या पंढरीशेठ फडक्यांमुळे या नादाची चर्चा राज्यभर झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेला आलेल्यांत गाडामालकच किती होते! पण घाट चढून मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडे गेलं की रीत बदलते. तिथं घाटात, म्हणजे शर्यतीसाठी केलेल्या चढावर, एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडी, मागे चार बैल, आणि निकाल घड्याळ देतं. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, किती सेकंदांत झाली आणि सेकंदापुढे किती पॉइंट, हे निवेदक लाउडस्पीकरवर सांगतो आणि डोंगरउतारावर बसलेली हजारो माणसं तो आकडा कानात प्राण आणून ऐकतात. सगळ्यांत कमी वेळेचा गाडा घाटाचा राजा.

मला त्या रीतीचं कौतुक यासाठी वाटतं की तिथं कुणाला आडवं जायचं नसतं, कुणाला दाबायचं नसतं. सगळ्यांना तोच चढ, तीच माती, आणि शेजारी कुणी नाही. बैलाला धावायचं होतं का, हे विचारायची सोय नसते, म्हणून तिथले नियम कडकच हवेत. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या सात वर्षांत जुन्नरच्या एका गाडामालकाशी माझं बोलणं झालं होतं. त्याला आपल्या गाड्याच्या जुन्या बाऱ्या पॉइंटासकट पाठ होत्या आणि कोणत्या बारीला बैल कुठं बिचकला हेही. कोइंबतूरला कागदावर आकडे लिहिताना मला तोच आठवत होता.

दुपारच्या पाळीत भाच्याच्या लॅप एकसारख्या पडायला लागल्या. १:३४.१, १:३३.८, १:३३.९. वेळ कमी होण्यापेक्षा वेळा एकमेकींना चिकटून येणं जास्त मोलाचं. त्याचा अर्थ, आपण काय करतोय हे चालवणाऱ्याला कळतंय. मी पुढच्या लॅपसाठी बोट दाबलं आणि खांबावर नजर धरली. १:३३ झालं. १:३४. १:४०. गाडी आली नाही. मागची गाडी आली, तिच्या मागचीही आली. दोन मिनिटं झाली तेव्हा लांबच्या वळणावर पिवळा झेंडा हलताना दिसला आणि घड्याळ माझ्या हातात चालूच होतं.

घड्याळ धरलेल्या माणसाला ही बातमी सगळ्यांत आधी कळते. सूचना होण्याआधी, धूर दिसण्याआधी. साठच्या दशकात फॉर्म्युला वनच्या पिटमध्ये चालकांच्या बायका वेळा घ्यायच्या. ग्रॅहम हिलची बेटी हिल, योखेन रिंटची नीना. गुडघ्यावर कागद आणि हातात घड्याळ असे नीनाचे फोटो आजही लोक कौतुकानं बघतात, तिच्या टोपीचं, गॉगलचं वर्णन करतात. १९७० च्या ५ सप्टेंबरला मॉन्झाच्या सरावात रिंटची गाडी ब्रेकच्या जागी रेलिंगवर आदळली. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. फोटोतलं ते कौतुक मला कधी नीट जमलेलं नाही. तिच्या हातातलं घड्याळ दिसलं की मला फक्त न आलेली लॅप दिसते.

भाचा सुखरूप होता. वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर जातेय असं वाटून त्यानं अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला, वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडी गर्रकन फिरून गवतात उतरली. मार्शलनं रस्ता मोकळा करून दिल्यावर तो सावकाश आला आणि खिडकीतून हात दाखवून गेला. रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात ३:४८.० होतं. मी ती वेळ बाकीच्यांखाली लिहिली. पिटमध्ये त्यानं कागद घेतला, त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, हेच बोरघाटातल्या वळणाला झालं असतं तर?” मी काही म्हटलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं. तिथं गवत नाही, मार्शल नाही आणि समोरच्या लेनमध्ये कुणाची तरी माणसं असतात.

आता पनवेलला त्याला कुणी पुण्याचा प्रश्न विचारला तर तो लॅपचा कागद काढतो. मित्र आधी हसले. मग गॅरेजबाहेर तो कागद फिरायला लागला. ही वेळ कशी लागली, इथं ब्रेक कुठं मारलास, टायरमध्ये हवा किती ठेवलीस, असे प्रश्न मी तिथं पहिल्यांदा ऐकले. ज्या पोरांना रात्री नवी मुंबईच्या पामबीच रोडवर गाड्या पळवण्यावाचून दुसरी जागा ठाऊक नव्हती, ती पोरं ही. त्यांची हौस वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. वेगाची ओढ मला बारा वर्षांच्या मुलांच्या पायांत दिसायची आणि तिला मैदान दिलं की ती मुलं सुधारायची.

कोइंबतूर सगळ्यांना झेपणार नाही, आणि पनवेलला ट्रॅक बांधायला कोट्यवधी लागतील. ऑटोक्रॉसला एवढं लागत नाही. एखादं मोकळं डांबरी किंवा काँक्रीटचं आवार, शंकू लावून आखलेली वळणं, एका वेळी एकच गाडी, वेग बेताचा, आणि निकाल घड्याळाचा, जुन्नरच्या घाटासारखा. तळोजा, उलवे, द्रोणागिरीकडे रविवारी रिकामी पडलेली अशी आवारं मी जाऊन पाहिली आहेत. रुग्णवाहिका हवी, आग विझवायची साधनं हवीत, पोलिसांची आणि मोटर स्पोर्ट्स महासंघाची परवानगी हवी, प्रेक्षक शंकूंपासून लांब कठड्यामागे हवेत. या गोष्टींत कुठंही काटकसर चालणार नाही. कुणाकडे आवार असेल तर शंकू मांडायला पोरं तयार आहेत, आणि वेळा घ्यायला मी आहे. माझ्याबरोबर आंतरशालेय स्पर्धांत रेषेवर उभे राहिलेले दोन निवृत्त शिक्षकही येतो म्हणाले आहेत, त्यांचे हात अजून पक्के आहेत.